झऱ्यापलीकडचा दगड

"पुन्हा एकदा मोजू या," मी म्हटलं.

गोदेरिकने टोपी काढून कपाळावरचा घाम पुसला आणि फितीचं टोक घेऊन तो निमूटपणे चढण चढू लागला. सकाळपासूनची ही तिसरी मोजणी. वर एका काळ्या खडकावर छिन्नीने कोरलेली फुली होती. तिथून खाली कुरणात उभ्या असलेल्या दगडापर्यंतचं अंतर मला हवं होतं. माझ्याजवळच्या १८६८ सालच्या कागदाच्या नकलेत ते तीनशे बारा मीटर लिहिलं होतं. उताराचा फरक वजा करूनही आमचं दोनदा तीनशे अठ्ठावन्न आलं होतं. तिसऱ्यांदाही तेच आलं.

"जुन्या लोकांची साखळी ती," खाली आल्यावर गोदेरिक म्हणाला. "उन्हात लांबते, थंडीत आखडते. तिचं काय घेऊन बसलीस?"

"शेहेचाळीस मीटर आखडत नाही साखळी."

"जेवायची वेळ झाली," असं म्हणून तो फीत गुंडाळायला लागला.

हे १९७९ च्या जुलैतलं. मी सत्तावीस वर्षांची होते. पुण्याला भूगोलात एम. ए. करून शिष्यवृत्तीवर फ्रान्समध्ये शिकायला गेले होते. त्या उन्हाळ्यात फ्रान्स आणि स्पेन मिळून डोंगरातल्या जुन्या सीमा नव्या विजेरी यंत्रांनी मोजून घेणार होते. यंत्रवाले येण्याआधी प्रत्येक खुणेचा दगड जागेवर आहे की नाही हे पाहून ठेवायला काही विद्यार्थी नेमले होते, त्यात मी. माझ्या वाट्याला ओर्लेत नावाचं फ्रान्सकडचं एक गाव आलं. खिंडीपलीकडे, स्पेनच्या बाजूला बेलसारा. मधल्या कुरणात हा दगड.

मला हे काम परकं वाटलं नाही. माझे वडील कराडला भूकरमापक होते. गावची शीव, शेताचा बांध, हद्दीचा दगड, पंचांच्या सह्या हे सगळं ऐकतच मी मोठी झाले. दोन भावांनी बांध कोरता कोरता एकमेकांची डोकी फोडल्याच्या हकिकती आमच्या घरी जेवताना निघायच्या. त्यामुळे दगड हललेला दिसला की माझ्या मनात पहिला प्रश्न यायचा: फायदा कुणाचा झाला?

उत्तर समोरच होतं. दगडापासून तीसेक मीटर वर एक झरा होता. भर उन्हाळ्यातही त्याचं पाणी बोटं बधिर करायचं. जुन्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं, 'दगडाच्या दक्षिणेस पंधरा मीटरवर झरा.' म्हणजे झरा स्पेनमध्ये. आणि आज दगड उभा होता झऱ्याच्याही खाली. म्हणजे झरा फ्रान्समध्ये.

जेवायला आम्ही गवतावर बसलो. पाव, चीज आणि सुकवलेलं सॉसेज. गोदेरिक सदुसष्ट वर्षांचा होता. वीस वर्षं तो ओर्लेतचा मेयर होता, आता त्याचा पुतण्या होता. पण दगडांची जबाबदारी अजून तोच सांभाळायचा. दर उन्हाळ्यात दोन्ही गावांची चार-चार माणसं एकत्र शीव फिरायची, प्रत्येक दगड पाहायची आणि दोन वह्यांत लिहायची, 'जागेवर आहे.' मग सगळ्यांच्या सह्या.

"तुमच्या या सह्या किती वर्षांच्या आहेत?" मी विचारलं.

"माझ्या? पंचेचाळीस तरी." त्याने पाव मोडला. "त्याआधी माझ्या बापाच्या. आजाने तर ते अधिकारी पाहिले होते. दोन्हीकडचे, पितळी बटणांचे. घोड्यांवर दुर्बिणी लादून आले आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारत फिरले, तुमची गुरं कुठपर्यंत चरतात?"

"आणि त्याआधी?"

"त्याआधी कसली रेघ? माझ्या खापरपणजोबाला कुणी विचारलं असतं, 'बाबा, फ्रान्स कुठे संपतो?' तर म्हणाला असता, 'त्या डोंगरात कुठेतरी.' ते अधिकारी येण्याच्या दोनशे वर्षं आधी दोन राजांनी तह केला होता की डोंगर मध्ये धरायचा. पण डोंगर केवढा! दोघांनाही वर येऊन बघायची गरज पडली नाही. गुरं चरत होती. पुढे जकात आली, लष्कर आलं, नकाशे आले. मग त्यांना रेघ बारीक हवी झाली. दगडाएवढी."

"आणि ती तुम्ही हलवलीत," मी म्हटलं.

तो चावायचा थांबला.

"झऱ्यासाठी," मी पुढे म्हटलं. मला माझाच आवाज वडिलांसारखा वाटला. "बेलसाराचा झरा ओर्लेतने घेतला. वहीत दर वर्षी खोटं लिहिलंत. सोमवारी यंत्रं येतायत, ती पाच मिनिटांत सांगतील. मला माझा कागद त्याआधी द्यायचाय. काय लिहू?"

गोदेरिकने सुरी मिटली. मग म्हणाला, "एउदाल्द येऊ दे. झरा त्याच्या गावचा. चोरी झाली असेल तर तोच सांगेल."

एउदाल्द बेलसाराचा गुराखी. साठीच्या आतला, धिप्पाड माणूस. दुपारी तो आपल्या गायींमागून वर आला. गोदेरिकने त्याला काही न सांगता माझी वही त्याच्यासमोर धरली. एउदाल्दने आकडा वाचला. चेहरा जराही न बदलता तो माझ्या शेजारी बसला.

"चांगलं मोजलंस," तो म्हणाला. "आम्ही बैल जोडून ओढला तेव्हा कुणी मोजलं नव्हतं."

"तुम्ही ओढलात? तुमच्याच गावची जमीन सोडून?"

"मी, हा आणि माझा बाप. एकोणचाळीसच्या जूनमध्ये." त्याने झऱ्याकडे बोट केलं. "तिथे दगडांचं कडं दिसतंय?"

मी ते रोज पाहत होते. झऱ्याच्या ओलीत हातभर लांबीचं, पांढऱ्या गोट्यांचं एक कडं. मला वाटलं होतं, गुरांनी पाणी तुडवू नये म्हणून घातलं असेल.

"त्या फेब्रुवारीत स्पेनच्या यादवी युद्धात आमची बाजू हरली," एउदाल्द सांगू लागला. "हरलेली माणसं या सगळ्या खिंडींतून फ्रान्सकडे निघाली. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. गुडघाभर बर्फ. माझा बाप वाट दाखवायला उभा राहायचा. एक बाई इथवर आली आणि बसली. तिच्या शालीत सव्वा वर्षाची मुलगी होती. बापाने शाल उघडून बघितली. पोर केव्हाच गेलं होतं. बाईला ते माहीत होतं, पण ती चालत होती. बाप म्हणाला, इथेच पुरू. सगळीकडे जमीन दगडासारखी गोठलेली. फक्त झऱ्याजवळची माती मऊ होती. तिथे खणलं. दगड तिथून पंधरा मीटर वर होता. पंधरा मीटर आणखी चालली असती तर पोर फ्रान्समध्ये आली असती."

राहिलेलं गोदेरिकने सांगितलं.

"फ्रान्समधल्या निर्वासितांच्या छावणीतून सुटल्यावर ती आमच्या गावात आली. गाईंच्या धारा काढायचं काम मागितलं. दर रविवारी इथे यायची आणि दगडाशी उभी राहून खाली बघायची. पुढे जाता येत नव्हतं. चौकीवर स्पेनच्या जिंकलेल्या बाजूचे शिपाई होते. तिचा नवरा त्यांच्याविरुद्ध लढून मेलेला, यादीत तिचंही नाव. एक पाऊल पलीकडे टाकलं असतं तर पकडून नेली असती. असे सतरा रविवार झाले. बघवेना. शिपाई लांबच्या मुलखातले, दर दोन महिन्यांनी बदलायचे. त्यांना एवढंच शिकवलेलं होतं की अमुक नंबरचा दगड, त्याच्या पलीकडे फ्रान्स. एक तुकडी गेली, दुसरी यायला तीन दिवस होते. आम्ही दगड खाली नेला. नव्या तुकडीने नंबर वाचला आणि दगडाच्या खालच्या अंगाला उभी राहिली."

"आणि ती बाई?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुझी घरमालकीण," गोदेरिक म्हणाला. "रमेई."

मी तीन आठवडे रमेईबाईंच्या घरात राहत होते. मी त्यांना मादाम म्हणायची, मनात मात्र रमेईबाई. चौसष्टीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. डोंगरातल्या गारठ्याने मी कुडकुडते म्हणून माझे मोजे रोज सकाळी शेगडीवर धरून गरम करून द्यायच्या. रविवारी पत्र्याची बरणी घेऊन झऱ्यावर जायच्या. घरात नळ होता. विचारलं तर म्हणाल्या होत्या, "त्या पाण्याची कॉफी चांगली होते."

"तिला हे ठाऊक नाही," गोदेरिक घाईने म्हणाला. "मी तेव्हा तिला सांगितलं, कागदात चूक होती, साहेब लोकांनी येऊन दगड नीट केला. तिला वाटतं, पोर फ्रान्सच्या जमिनीतच आहे, पहिल्यापासून. कागदात तुला काय लिहायचं ते लिही. आम्ही शिक्षा भोगू. पण तिला सांगू नकोस."

मी कबूल केलं.

त्या संध्याकाळी रमेईबाई चुलीपाशी हरभऱ्याचं कालवण ढवळत होत्या. मी टेबलाशी वही उघडून बसले होते. 'फरक : ४६ मीटर' एवढं पेन्सिलीने लिहिलेलं. पुढचं सुचत नव्हतं.

"आज तीनदा फीत लावलीस म्हणे," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"हो."

"पंचेचाळीस मीटर आलं असेल. की थोडं जास्त?"

माझ्या हातून पेन्सिल पडली.

त्या वळल्या. चेहऱ्यावर हसू होतं. "मी पावलांनी मोजलंय, पोरी. दगड उपटला की खाली खड्डा राहतो. किती बुजवला तरी पहिली दोन वर्षं तिथलं गवत वेगळं उगवतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"त्या रविवारी मी वर गेले तर दगड झऱ्याच्या पलीकडे. आणि हा गोदेरिक टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, साहेबांनी चूक दुरुस्त केली. त्याला खोटं बोलता येत नाही. कान लालबुंद झाले होते. मी म्हटलं, बरं झालं, साहेब लोक हुशार असतात." त्या खुर्चीवर बसल्या. "मग जाऊन तिच्याजवळ बसले. पहिल्यांदा."

"तुम्ही त्यांना कधीच बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? त्या तिघांनी जीव धोक्यात घातला आणि वर मला उपकारसुद्धा वाटू नयेत म्हणून गोष्ट रचली. त्यांना ते असं द्यायचं होतं. मी तसं घेतलं."

कालवण उतू जायला लागलं म्हणून मी उठून भांडं खाली घेतलं. परत वळले तर त्यांनी फडताळातून पत्रांचा एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला होता.

"माझ्या बहिणीची. स्पेनमध्ये ल्येइदाजवळ आमचं गाव आहे. ती चार वर्षांपासून लिहितेय, आता ये. तो हुकूमशहा मेला, राज्य बदललं, सगळे परत येतायत. तुझी खोली रंगवून ठेवलीय. दोन वेळा बॅग भरली मी."

"मग गेला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं साधं मला कसं कळत नाही.

"माझ्या छोट्या आल्बाला परक्या मुलखात ठेवून मी एकटी घरी कशी जाऊ?"

मी पत्रांचा गठ्ठा नीट रचून त्यांच्याकडे सरकवला.

"तेव्हा ती फ्रान्समध्ये असायला हवी होती," त्या हळूच म्हणाल्या. "नाहीतर मला तिच्याजवळ बसता आलं नसतं. आता तसं राहिलं नाही. आता ती घरी हवी." त्यांनी माझी वही स्वतःकडे ओढली, पेन्सिलीच्या आकड्यावर बोट ठेवलं. "दगडाची जुनी जागा तुला सापडेल? नेमकी? माझ्या पावलांवर भरवसा नको. गवत तर केव्हाच सारखं झालंय."

"सापडेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमेईबाई गोदेरिकच्या दारात गेल्या. मी मागे होते. तो अंगणात विळ्याला धार लावत होता.

"गोदेरिक, तो दगड आता परत जागेवर ठेवा."

"कोणता दगड?" तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. चाळीस वर्षांनीही.

"कान झाक आधी," रमेईबाई म्हणाल्या.

त्याने विळा खाली ठेवला. तो पायरीवर बसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तिने नाही सांगितलं," रमेईबाई म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. त्याच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. मी फाटकाबाहेर जाऊन थांबले.

शीव फिरायचा दिवस पुढच्या आठवड्यात होता, तो अलीकडे ओढून शनिवारी घेतला. पहारी, फावडी, रंगाचे डबे घेऊन दोन्ही गावांची माणसं दरवर्षी वर यायचीच, त्यामुळे कुणाला वेगळं वाटायचं कारण नव्हतं. आणि आलेल्या सगळ्यांना ठाऊकच होतं. हे मला तिथे कळलं. दोन्ही गावांत ही गोष्ट माहीत नसलेला माणूस नव्हता. सगळ्यांनी मिळून ती फक्त रमेईबाईंपासून लपवली होती आणि रमेईबाईंनी सगळ्यांपासून.

खडकावरच्या फुलीवर मी कोन मोजायचं साधं यंत्र लावलं. दुसऱ्या बाजूच्या सुळक्याचा कोन कागदात दिलेला होता. तो धरला, फीत सोडली आणि तीनशे बारा मीटरवर खुंटी ठोकली. मग माझीच मला खात्री वाटेना. पुन्हा मोजलं. खुंटी चार बोटं सरकली.

"खणा," मी म्हटलं.

एउदाल्दने खणायला घेतलं. वडील सांगायचे, आमच्याकडे पूर्वी हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरायचे, दगड कुणी पळवला तरी कोळसा जागा सांगतो. तशीच रीत त्या अधिकाऱ्यांचीही होती. एक कौल फोडून त्याचे तुकडे दगडाखाली ठेवायचे. मी ते वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. हातभर खणलं आणि काही लागेना. रमेईबाई झऱ्यापाशी बसून होत्या, इकडे बघत नव्हत्या.

"थोडं डावीकडे बघा," मी म्हटलं.

पहार खट्कन वाजली. एउदाल्द गुडघ्यांवर बसला, हातांनी माती सारली आणि लाल कौलाचे तीन तुकडे बाहेर काढले. त्याने ते गवतावर एकमेकांना लावले. कडा जुळल्या.

गोदेरिकने टोपी काढली. मग दोन्ही गावांच्या सगळ्याच माणसांनी काढल्या.

तुकडे होते तसे परत ठेवले. ट्रॅक्टरला दोर बांधून दगड वर आणला, उभा केला, माती ठोकली. दोन्ही वह्यांत लिहिलं गेलं, 'जागेवर आहे.' मी माझ्या वहीतला पेन्सिलीचा आकडा खोडला आणि शाईने तीनशे बारा लिहिलं.

सोमवारी यंत्रवाले आले. त्यांचा तरुण इंजिनियर पाच मिनिटांत मोजून मोकळा झाला. "अकरा सेंटिमीटरचा फरक," तो कौतुकाने म्हणाला, "जुने लोक काय काम करून ठेवायचे!" मग खाली वाकून त्याने विचारलं, "माती ताजी कशी?"

"कलला होता. सरळ केला," गोदेरिक म्हणाला. त्याच्या कानांकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

मंगळवारी रमेईबाई निघाल्या. एउदाल्द जीप घेऊन रस्त्याने यायला तयार होता, पण त्या म्हणाल्या, "चालत आले होते, चालतच जाईन." त्यांची बॅग दगडापर्यंत मी नेली. गोदेरिक काठी टेकत मागून येत होता. खालून एउदाल्द वर आला होता.

दगडाशी आल्यावर रमेईबाई थांबल्या. मग पुढे झाल्या. झऱ्यापाशी कड्याजवळ उकिडव्या बसल्या आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलू लागल्या. मला शब्द कळले नाहीत. झोपेतून उठणाऱ्या मुलाशी बोलतात तसा सूर होता. गोट्यांवरचं गवत त्यांनी उपटलं, हात झऱ्यात धुतले आणि उभ्या राहिल्या.

"ये ना बॅग घेऊन," त्यांनी मला हाक मारली. "एउदाल्दच्या घरी जेवण आहे. तू पण चल."

मी दगडाशीच उभी होते. शनिवारपर्यंत त्या कुरणात मी मनाला येईल तशी वावरत होते. आता पुढच्या पावलावर स्पेन होता.

"मला नाही येता येणार," मी म्हटलं. "माझ्या पासपोर्टवर फक्त फ्रान्सचा शिक्का आहे. सापडले तर शिष्यवृत्ती जाईल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दगडाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग परत चढून वर आल्या, दगडाला वळसा घालून माझ्यापाशी आल्या आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. झऱ्याच्या पाण्याने हात अजून गार होते. माझे दोन्ही गाल त्यांनी चुंबले, मग कपाळ. मी रडायला लागले होते.

"एउदाल्द," माझा चेहरा तसाच धरून त्यांनी खाली वळून मोठ्याने हाक दिली, "ट्रॅक्टर कुठाय रे? पोरीजवळ कागद नाहीत. दगड थोडा खाली घ्यायचाय!"